जांभूळ फुलले, मग मध कुठे?

'गुरुजी, औंदा जांभळं फांदीफांदीला फुलल्यात, मग मध का न्हाई?' हा प्रश्न दर दोन-तीन वर्षांनी मला कोणी ना कोणी विचारतोच. विचारणारा कधी गावातलाच असतो, तर कधी उन्हाळ्याच्या सुटीत मुलाबाळांसह महाबळेश्वरला आलेला आणि मधाची बाटली घेण्यासाठी आमच्या आळीपर्यंत चालत आलेला पाहुणा असतो. प्रश्न रास्त आहे. फुले आहेत, माश्या आहेत, पेट्या आहेत. मग बाटल्या रिकाम्या का? गाय गोठ्यात उभी असताना दूध का नाही, असे गिऱ्हाइकाने गवळ्याला विचारावे तसा हा प्रकार. फरक इतकाच, की गाईबद्दलचे उत्तर गवळ्याजवळ असते. मधाबद्दलचे उत्तर मधपाळाजवळ फार थोडे असते. ते बरेचसे आभाळाजवळ, काहीसे शेजाऱ्यापाजाऱ्यांजवळ आणि उरलेले मागल्या महिन्यांजवळ असते.

मी महाबळेश्वर तालुक्यातल्या एका डोंगरी गावात शिक्षक होतो. नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी गावातल्या एका वयस्कर मधपाळाने दोन पेट्या शाळेमागच्या जांभळाखाली आणून ठेवल्या. त्या वाढत वाढत वीस-बावीस झाल्या. शिक्षकाला टाचणे काढायची सवय असते. त्यामुळे कोणत्या तारखेला कोणते झाड फुलले, धुके कधी उतरले, पेटी उचलताना कधी जड लागली, असे मी वहीत टिपत गेलो. निवृत्तीनंतर त्या वह्या चाळताना एक गोष्ट ध्यानात आली. आपण 'उन्हाळ्याचा मध' म्हणतो खरे, पण त्याचा हिशेब उन्हाळ्यात सुरू होत नाही आणि उन्हाळ्यात संपतही नाही.

आमचा मुलूखच असा आहे, की हवामान विसरून इथे काही करता येत नाही. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साडेचार हजार फुटांवर. वर्षाकाठी साडेपाच ते सहा हजार मिलीमीटर पाऊस. तिथून पंधरा-वीस किलोमीटरवरच्या पाचगणीला त्याच्या साधारण एक-तृतीयांश आणि पसरणीचा घाट उतरून वाईला गेलो, की त्याहूनही पुष्कळ कमी. एसटीच्या तासाभराच्या प्रवासात पावसाची तीन गावे लागतात म्हणा ना! झाडे बदलतात, फुलण्याच्या तारखा बदलतात आणि त्याबरोबर मधही बदलतो. पेटीतले मधमाशीपालन या डोंगरांत स्वातंत्र्याच्या आगेमागे, ग्रामोद्योगाच्या चळवळीबरोबर रुजले. पुढे १९६२ साली पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था उभी राहिली. २०२२ साली महाबळेश्वरजवळचे मांघर हे 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले आणि देशातले तसे ते पहिले गाव ठरले. इतकी वर्षे हा धंदा इथे टिकला, तो भरघोस उत्पन्नामुळे टिकला असे मात्र नाही. चांगल्या वर्षी पेटीमागे सात-आठ किलो मध निघतो, वाईट वर्षी काहीच निघत नाही.

आमची माशी म्हणजे सातेरी. आग्या माशी उंच कड्यांवर आणि झाडांवर उघडे पोळे बांधते. ती कुणाच्या पेटीत नांदत नाही. फुलोरी माशी झुडपात वीतभर पोळे करते. सातेरी मात्र झाडाच्या ढोलीत, दगडाच्या कपारीत, अंधारात एकाशेजारी एक अशी समांतर पोळी बांधते. अशी सात पोळी असतात म्हणून सातेरी, असे जुनी माणसे सांगतात. अंधाराची ही आवड असल्यामुळेच ती लाकडी पेटीत राहायला तयार होते. पण तिला गृहीत धरता येत नाही. ऊन फार झाले, मुंग्या शिरल्या, मेणकिडा लागला, खायला उरले नाही, की एके दिवशी राणीसकट सगळी वसाहत पेटी सोडून निघून जाते.

फेब्रुवारीतली पेरणी

जांभूळ आमच्याकडे मार्च-एप्रिलात फुलते. पण त्या फुलांवर जाणारी माशी तयार होते ती त्याच्या कितीतरी आधी. राणीने अंडे घातल्यापासून कामकरी माशी पोळ्यातून बाहेर पडेपर्यंत साधारण एकोणीस-वीस दिवस जातात. बाहेर पडली म्हणजे ती लगेच रानात जात नाही. आधी दोन-तीन आठवडे घरकाम: घरे साफ करायची, पिल्लांना भरवायचे, मेण काढून पोळे बांधायचे, दारावर पहारा द्यायचा. त्यानंतर तिची बाहेरची चाकरी सुरू होते. म्हणजे मार्चच्या मध्याला जांभळावर जी माशी घोंगावते, तिचे अंडे फेब्रुवारीच्या सुरुवातीला पडलेले असले पाहिजे. शेतकऱ्याची पेरणी जूनमध्ये, तशी मधपाळाची पेरणी फेब्रुवारीत.

आणि ही पेरणी राणी आपल्या मर्जीने करत नाही. रानातून परागकण येत असतील तरच ती अंडी वाढवते, कारण पिल्लांचे पोषण परागावर होते. फेब्रुवारीत आमच्या माथ्यावर अंजनीची निळी-जांभळी बारीक फुले यायला लागतात, इतर झुडपांना तुरळक फुलोरा असतो. त्या दिवसांत थंडी लांबली, सकाळी दहा-साडेदहापर्यंत माश्या दाराबाहेर पडेनाशा झाल्या, तर पराग कमी येतो आणि राणीचा हात आखडतो. पिल्लांच्या कप्प्यात पस्तीस अंशांच्या जवळपास ऊब राखावी लागते. बाहेर गारठा असेल तर अनेक माश्या पोळ्याला बिलगून नुसती ऊब देत बसतात. मग मार्चमध्ये जांभूळ कितीही फुलो, ते लुटायला पेटीत मनुष्यबळ, म्हणजे माशीबळ, नसते. जांभूळ फुलूनही मध नाही, याचे अर्धे उत्तर असे दीड महिना मागे सापडते.

दुसरे संकट त्याच दिवसांत येते, ते वणव्याचे. फेब्रुवारी-मार्चमध्ये गवत वाळलेले असते. कुणी नवे गवत चांगले यावे म्हणून काडी लावतो, कुणी विडीचे थोटूक टाकतो. मोठी जांभळाची झाडे वणव्यातून बहुधा वाचतात. जळतात ती खालची झुडपे. माशीला परागाची शिदोरी देणारी नेमकी तीच असतात. दूरवरून डोंगर काळा दिसतो तेव्हा पाहुण्यांना गवत जळाले एवढेच वाटते. मधपाळाला येत्या हंगामाची काही पाने फाडून टाकल्यासारखे वाटते.

पंधरा दिवसांचा बाजार

एका जागी जांभळाचा खरा भर फार तर दोन-तीन आठवडे टिकतो. शुभ्र, केसरांचे झुपके असलेली बारीक फुले जुन्या फांद्यांवर घोसांनी लगडतात. सकाळी झाडाखाली उभे राहिले तर वर कुठेतरी तंबोरा लावून ठेवल्यासारखा आवाज येतो. संध्याकाळी पेट्यांजवळ गेले, की माश्यांच्या पंखांचा अखंड आवाज आणि आंबूस-गोड वास. दिवसभर आणलेला मकरंद त्या रात्री आटवत असतात.

हे आटवणे म्हणजे काय, ते जरा आकड्यांत सांगतो. मकरंद हा मध नव्हे. त्यात निम्म्याहून जास्त पाणीच असते. पक्क्या मधात पाणी असते विसाव्या टक्क्याच्या आसपास. मकरंदात तीस टक्के साखर आहे असे धरले, तर एक किलो मधासाठी सुमारे पावणेतीन किलो मकरंद आणावा लागतो आणि त्यातले पावणेदोन किलो पाणी पंखांच्या वाऱ्याने उडवावे लागते. आता फुलोऱ्याच्या दिवसांत वळवाची सर आली, हवा दमट झाली आणि मकरंद पातळ होऊन त्यात वीसच टक्के साखर उरली, तर तेवढ्याच मधासाठी चार किलो मकरंद लागतो आणि तीन किलो पाणी आटवावे लागते. खेपा वाढल्या, आटवणे वाढले आणि त्यात हवा दमट म्हणून आटायलाही उशीर. या श्रमाला जे इंधन लागते तेही मधच. त्यामुळे एका पावसाने बाटलीत नेमकी किती घट येते हे सांगता येत नाही, पण ती दुहेरी येते हे नक्की.

जोराच्या सरीत फुलातला मकरंद धुपून जातो, केसर झडून झाडाखाली पांढरा सडा पडतो. तो सडा पाहून पर्यटक फोटो काढतात. धुक्याची गोष्ट वेगळी. धुके फुलाला काही करत नाही, माशीला घरात बसवते. घाटमाथ्यावर एप्रिलमध्येही कधी कधी सकाळभर ढग रस्त्यावर उतरलेले असतात. झाड फुललेले, मकरंद भरलेला आणि माश्या दारात! वाऱ्याचे तिसरेच. दुपारनंतर कड्याकडून पश्चिमेचा वारा सुटतो. त्यात ओझे घेऊन परतणारी माशी भरकटते, दमते आणि उघड्या फुलातला मकरंदही सुकत जातो. म्हणून कड्याच्या काठावर पेटी ठेवायची नाही, पाठीला झाडी किंवा दगडी बांध पाहिजे, असे आमच्याकडे पूर्वीपासून सांगतात.

ऊन तरी भरपूर हवे ना, असे कुणी म्हणेल. हवे, पण मापात. मार्चअखेर आणि एप्रिलात पारा फार चढला, की मकरंद घट्ट होतो, लवकर सुकतो. त्याहून मोठे नुकसान पेटीच्या आत होते. पिल्लांच्या कप्प्यातली उष्णता पस्तीसच्या वर जाऊ द्यायची नसते. कारण पिल्ले मरतात आणि मेण मऊ होऊन भरलेले पोळे खाली बसते. मग माश्या मकरंदाऐवजी पाणी आणतात. पोळ्यावर पाण्याचे थेंब पसरतात आणि दारात ओळीने उभ्या राहून पंखांनी वारा घालतात. दुपारी पेटीच्या दाराशी अशी रांग दिसली, की त्या दिवशी मधाचा धंदा बंद, पाणीपुरवठा चालू, असे समजावे. आम्ही पेटीवर ओले गोणपाट टाकतो, जवळच परातीत पाणी आणि त्यात माश्या बुडू नयेत म्हणून खडे ठेवतो. हे पाणी जवळ मिळाले, की त्यांच्या पुष्कळ खेपा वाचतात.

म्हणजे जांभळाच्या मधाला लागते तरी काय? आदल्या पावसाची मुरलेली ओल, वेळेवर सरलेली थंडी, फुलोऱ्यात कोरडी पण होरपळ नसलेली हवा, गार रात्र, उबदार सकाळ आणि शांत वारा. पंधरा दिवसांच्या मुदतीत या सगळ्यांनी एकत्र यायचे. लग्नात पाहुणे, आचारी, भटजी आणि बँडवाले एकाच मुहूर्तावर जमवण्याइतकेच ते कठीण!

यावर डोंगराने स्वतःच एक तोड दिली आहे. खालच्या खोऱ्यात जांभूळ आधी फुलते, माथ्यावर नंतर. फुलोरा जणू डोंगर चढत येतो. ज्याला जमते तो पेट्या आधी खाली नेतो आणि मग वर आणतो. खाली पावसाने झोडपले तरी वर एक संधी उरते. जांभूळ सरत आले, की हिरडा आणि गेळा फुलतात. गेळ्याचे फूल उमलताना पांढरे असते, शिळे होताना पिवळे पडते. त्यांच्यावर मेअखेरपर्यंत हंगाम लांबतो.

मैदानी प्रदेशातला मोठा मधपाळ ही तोड ट्रकने करतो. त्याच्याकडे मेलिफेरा, म्हणजे लोकांच्या भाषेत इटालियन माशी असते. ती भारतात १९६०च्या दशकात उत्तरेकडे स्थिरावली. शेकडो पेट्या लादून तो थंडीत राजस्थानच्या मोहरीवर जातो, वसंतात बिहारमधल्या मुजफ्फरपूरच्या लिचीवर जातो. एका ठिकाणचे आभाळ रुसले, तर दुसरीकडे जाण्याची सोय. सातेरीला असा लांबचा प्रवास मानवत नाही आणि आमच्यासारख्याच्या खिशालाही नाही. आमचा डोंगर हेच आमचे भांडवल.

एक किलोमीटरचे रान

सातेरी माशी चाऱ्यासाठी साधारण एक-दीड किलोमीटरपर्यंत जाते. एकच किलोमीटर धरला, तरी पेटीभोवतीच्या वर्तुळाचे क्षेत्र तीनशे चौदा हेक्टर भरते. त्यातली माझी जमीन पाऊण एकर. बाकीचे सगळे दुसऱ्यांचे: वनखात्याचे, देवस्थानाचे, शेतकऱ्यांचे, बंगलेवाल्यांचे. माझ्या माश्या रोज सकाळी दुसऱ्यांच्या मालकीत जातात आणि संध्याकाळी परत येतात. त्यामुळे मधपाळाइतका शेजारधर्मावर अवलंबून असलेला माणूस दुसरा नसेल.

या वर्तुळात देवराई असली, तर तो मधपाळ नशीबवान. देवाच्या धाकाने तिथे कुऱ्हाड चालत नाही. म्हणून जुनी, रुंद घेराची जांभळे, हिरडे तिथे उभे असतात. तरण्या झाडाच्या मानाने जुन्या झाडाचा फुलोरा किती मोठा असतो, हे एकदा डोळ्यांनी पाहावे. मुळे खोल असल्यामुळे उन्हाळ्याच्या तडाख्यातही ती तग धरतात. महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर २००१ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला, त्याचाही आधार आहेच. तरी बंगल्याच्या आवारात 'कचरा फार होतो' म्हणून तोडलेले जांभूळ आणि त्या जागी लावलेली शोभेची, मकरंद नसलेली झाडे अधूनमधून दिसतात. कागदोपत्री एकाच्या जागी दोन झाडे झालेली असतात. माशीच्या हिशेबी एक वजा.

स्ट्रॉबेरीचे मळे हे आमच्या परिसराचे दुसरे रूप. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले. स्ट्रॉबेरीपासून मध फारसा मिळत नाही, पण स्ट्रॉबेरीला माशीची गरज आहे. तिच्या अंगावर जे दाणे दिसतात, त्या प्रत्येकाचे परागीभवन नीट झाले तरच फळ भरदार आणि डौलदार होते. नाहीतर ते वेडेवाकडे राहते आणि बाजारात मागे पडते. म्हणजे मळेवाला आणि मधपाळ यांचे हितसंबंध खरे तर एकच. तरीही दोघांत कुरबुरी होतात त्या फवारणीवरून. एका मार्चमध्ये आमच्या शेजारच्या मळ्यात सकाळी नऊ वाजता कीटकनाशक फवारले गेले. दुपारी पेट्यांच्या दारासमोर मेलेल्या माश्यांचा थर होता. जांभूळ नुकते फुलायला लागले होते. त्या वर्षी आभाळाने काहीच कसूर केली नव्हती. तरी वहीत मधाच्या रकान्यात शून्य आहे.

भांडून उपयोग नव्हता. मी त्याच्याकडे गेलो, पेटीतली एक चौकट दाखवली आणि माश्या कोणत्या वेळी बाहेर असतात ते सांगितले. तो म्हणाला, 'गुरुजी, आधी सांगायचं न्हाई का? सांजचं मारलं तरी मला तेच.' तेव्हापासून तो सूर्य कलल्यावर, माश्या घरी परतल्यावर फवारतो आणि आदल्या दिवशी निरोप पाठवतो. निरोप आला, की मी पेट्यांची दारे रात्रभर जाळीने बंद ठेवतो. कायदे आणि शिफारशी आपापल्या जागी आहेतच. पण हा एक निरोप त्यांच्याइतकाच मोलाचा आहे.

आणखी एक शेजार आहे, तो बाजारपेठेतला. मेमध्ये रानातला फुलोरा ओसरतो आणि नेमकी त्याच वेळी गर्दी शिगेला असते. रसवंतीगृहे, सरबताच्या गाड्या, उघडे पाकाचे डबे. भुकेलेली माशी तिकडे वळते. काही बुडून मरतात, काही पाक घेऊन घरी येतात. असा पाक पोळ्यात साठला, तर त्याला मध म्हणता येत नाही. म्हणून बाजारपेठेच्या अगदी जवळच्या पेट्यांचा मेअखेरचा मध काढूच नये, असे माझे मत आहे.

मे महिन्याचा शेवटचा आठवडा

सगळे जुळून आले, मध साठला, तरी खरी परीक्षा पुढेच असते. पोळ्यातल्या घरांवर माश्यांनी मेणाचे पातळ झाकण घातले, की मध पक्का झाला असे समजायचे. चौकटीचा निदान तीन-चतुर्थांश भाग झाकलेला हवा. त्याआधी काढला तर मधात पाणी जास्त राहते आणि बाटलीत तो काही दिवसांत फसफसायला लागतो. आता चित्र डोळ्यांपुढे आणा. मेची वीस तारीख. हिरड्याचा मध पेटीत आहे, पण झाकण अर्धेच पडलेले. पश्चिमेला ढग जमताहेत. आत्ता काढावा तर कच्चा. थांबावे आणि पाऊस लागला, तर माश्या बाहेर जाणार नाहीत, घरातलाच खातील, आणि दमट हवेत उघडा मध उलट पाणी शोषून पातळ होईल.

पूर्वी या निर्णयाला जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत मुदत असे. अलीकडे ती राहिलेली नाही. २०२१च्या मेच्या मध्यावर तौक्ते चक्रीवादळ कोकण किनाऱ्याला घासून गेले आणि घाटमाथ्यावर वारापाऊस झाला. २०२५ साली मेमध्येच राज्यभर जोराचा पाऊस झाला आणि २६ मे रोजी मोसमी पाऊस मुंबईत पोहोचला. तिथल्या नोंदींमध्ये तो इतक्या लवकर कधीच आलेला नव्हता. मधपाळाच्या हंगामाचे शेवटचे पंधरा दिवस त्या वर्षी आभाळाने काढून घेतले.

त्या मेमध्ये आम्ही पाच-सहा जण एका ओट्यावर बसून बोलत होतो. मी म्हणालो, झाकलेल्या चौकटी तेवढ्या काढू, बाकीचा त्यांच्याकडेच राहू द्या, पावसाळा लांब आहे. माझ्या शेजारचा एक तरुण मधपाळ शांतपणे म्हणाला, 'गुरुजी, तुमास्नी पेन्शन हाय. माझ्या पोरीची फी जूनमधी भरायची हाय.' यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्याचे म्हणणे खोटे नव्हते. मधाच्या किमतीपुढे साखर स्वस्त असते. सगळा मध काढून घ्यायचा आणि पावसात माश्यांना साखरेचा पाक पाजायचा, हा हिशेब कागदावर फायद्याचाच दिसतो.

तो चुकतो तो आमच्या पावसाळ्यात. जून ते सप्टेंबर इथे माशीला रानात जवळजवळ काही मिळत नाही. पाऊस कधी कधी आठ-आठ दिवस उघडत नाही. २०२१च्या जुलैमध्ये महाबळेश्वरला एका दिवसात सुमारे ५९४ मिलीमीटर पाऊस झाला होता. रस्ते वाहून गेले, दरडी कोसळल्या, माणसांचे हाल झाले. अशा दिवसांत पेटी उघडून पाक ठेवणार कसा? उघडली तर ऊब जाते, ओल शिरते, पिल्ले गारठतात. पाक सांडला तर मुंग्या येतात. ज्या पेटीत माश्यांचा स्वतःचा मध दोन-तीन चौकटी भरून असतो, ती वसाहत माणसाच्या मदतीवाचून तग धरते. ज्या पेटीत नसतो, ती गणपतीच्या सुमारास रिकामी होते. पुन्हा माश्या धरायच्या, वसाहत वाढवायची, यात पुढचा फेब्रुवारी उलटून जातो. आणि फेब्रुवारीचे महत्त्व वर सांगितलेच आहे. म्हणजे या मेमध्ये ओरबाडलेल्या मधाची भरपाई पुढच्या मेमधून होते.

त्या तरुणाने अर्ध्या पेट्यांचा मध काढला, अर्ध्यांचा ठेवला. फी भरली. सप्टेंबरात काढलेल्यांपैकी बहुतेक पेट्या उठून गेल्या होत्या. राखलेल्यांतल्याही दोन गेल्या. माझ्याही तीन रिकाम्या झाल्या, कारण पाऊस कुणाचे पुण्य मोजत बसत नाही. पण उरलेल्यांवरच आमचा पुढचा हंगाम उभा राहिला. पावसाळ्यापूर्वी मध ठेवणाऱ्याला काहीतरी आधार मिळाला पाहिजे, मग तो फीपुरत्या उचलीचा असो की आगाऊ मध खरेदीचा, असे मला तेव्हापासून फार वाटते. माशीच्या तोंडचा घास माणूस हौसेने काढत नाही. बहुतेक वेळा त्याच्या घरातला घास तेव्हा अडलेला असतो.

पावसाळ्याला एक सुखद अपवाद आहे, तो कारवीचा. एरवी हिरवी गचपण म्हणून दुर्लक्षित असलेली ही झुडपे सात-आठ वर्षांतून एकदा पावसाळा सरता सरता डोंगरच्या डोंगर जांभळे-निळे करून टाकतात. एकदा फुलली, बी धरले, की मरतात. त्या वर्षी उपासाच्या दिवसांतच माश्यांची दिवाळी होते आणि गडद, दाट मध मिळतो. या मधाची घडणच वेगळी. आपल्या देशाच्या अन्न सुरक्षेच्या नियमांत मधातल्या साखरेच्या प्रमाणाविषयी कारवीच्या मधासाठी इतर मधांहून निराळी मर्यादा दिलेली आहे. सह्याद्रीतल्या एका झुडपाची दखल राष्ट्रीय नियमाला घ्यावी लागली, याचे मला नेहमी कौतुक वाटते.

बाटली घेताना

शेवटी वाचकांशी थोडे. शहरातल्या गिऱ्हाइकाला दर वर्षी, बारा महिने, एकाच रंगाचा, एकाच चवीचा मध हवा असतो. रान तसा मध देत नाही. जांभळाचा मध गडद आणि किंचित तुरट. ज्या वर्षी जांभूळ पावसात झडले आणि गेळा-हिरड्याने हात दिला, त्या वर्षीचा मध रंगाने आणि चवीने निराळा. थंडीत काही मध गोठतात, खाली दाणे बसतात. लगेच 'साखर घातली' म्हणून बाटली परत येते. वास्तविक गोठणे हा मधाचा स्वभाव आहे. बाटली कोमट पाण्यात ठेवली, की तो पुन्हा पातळ होतो. उलट वर्षानुवर्षे तसूभरही न बदलणाऱ्या मधाबद्दलच मनात प्रश्न यायला हवा. २०२० साली दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने बाजारातल्या मधात साखरेच्या पाकाची भेसळ होत असल्याचे उघडकीला आणले, तेव्हा अनेकांना धक्का बसला. मधपाळांना फारसा बसला नाही. आभाळ दर वर्षी बदलते आणि बाटलीतली चव बदलत नाही, हे गणित त्यांना कधीच पटलेले नव्हते.

म्हणून मध घेताना भावाबरोबर आणखी दोन गोष्टी विचाराव्यात: कोणत्या फुलाचा आणि कोणत्या महिन्यातला. ज्याने स्वतः पेटी उघडली आहे तो सांगू शकेल. बहुधा हौसेने, लांबण लावून सांगेल. आपल्या आवारात एखादे जांभूळ असेल, तर खाली पडणाऱ्या फुलांचा कचरा वर्षातून पंधरा दिवस झाडून घ्यावा, झाड ठेवावे. आणि एखाद्या वर्षी 'यंदा मध नाही' असे उत्तर मिळाले, तर सांगणाऱ्यावर रागावू नये. बऱ्याचदा मध असतो. तो पेटीत ठेवलेला असतो, ज्यांनी तो जमवला त्यांच्या पावसाळ्यासाठी.